बॉस्टनची लाल रेघ कुठे धरावी आणि कुठे सोडावी

बॉस्टनमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला येणाऱ्या मराठी आईवडिलांना शहर दाखवायचे ठरले की फ्रीडम ट्रेलचे नाव हमखास निघते. बॉस्टन कॉमन या १६३४ सालापासूनच्या सार्वजनिक मैदानात सुरू होऊन नदीपलीकडे चार्ल्सटाउनमधील बंकर हिलच्या स्मारकापाशी संपणारी ही वाट साधारण चार किलोमीटरची आहे. पदपथावर कुठे लाल विटा बसवून, तर कुठे नुसता लाल रंग देऊन एक अखंड रेघ काढलेली असून तिच्या कडेने सोळा ऐतिहासिक ठिकाणे लागतात. विल्यम स्कोफील्ड या स्थानिक पत्रकाराने १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि काही वर्षांत रेघ रस्त्यावर उतरली. रेघेवरून चालायला तिकीट नाही. काही इमारतींच्या आत जायला आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्ध अमेरिकन वसाहतींनी दिलेला लढा समजून घ्यायला ही वाट कितपत उपयोगी पडते, याचा हा आढावा आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वाट जरूर चालावी, पण सोळाही ठिकाणांना सारखा वेळ देऊ नये. या लढ्याची मुळे कर कोणी बसवायचा, घराची झडती कोणाच्या हुकमाने घ्यायची आणि शांततेच्या काळात शहरात फौज ठेवायचा अधिकार कोणाला, अशा कायद्याच्या प्रश्नांत होती, आणि बंदुका चालण्याआधी दहा-बारा वर्षे हे प्रश्न सभागृहांतून भांडले गेले. त्यातली दोन सभागृहे, ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड स्टेट हाउस, या रेघेवर आजही उभी आहेत. वाटेचा अर्धा जीव या दोन इमारतींत आहे. दुर्दैवाने बहुतेक लोक त्यांचे बाहेरून फोटो काढून पुढे जातात आणि सगळा दिवस कबरी आणि जहाज पाहण्यात घालवतात.

पहिली अडचण क्रमाची. रेघ रस्त्यांच्या सोयीने जाते, त्यामुळे कालक्रमाची पार मोडतोड होते. सुरुवातीलाच सोनेरी घुमटाची मॅसॅच्युसेट्सची विधिमंडळाची इमारत दिसते. ती १७९८ ची, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यानंतरची. पाठोपाठ १८०९ चे पार्क स्ट्रीट चर्च. १७७५ च्या जूनमध्ये झालेली बंकर हिलची लढाई मात्र सगळ्यांत शेवटी, आणि तीही १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या युद्धनौकेच्या नंतर. इतिहास माहीत नसलेल्या माणसाची इथे गाळण उडते. म्हणून निघण्यापूर्वी एवढा क्रम डोक्यात असू द्यावा: १७६३ मध्ये फ्रेंचांशी चाललेले युद्ध संपले आणि त्यात झालेल्या कर्जाचा काही भार वसाहतींनी उचलावा असे लंडनच्या पार्लमेंटने ठरवले, १७६४ मध्ये साखरेवरचा आणि १७६५ मध्ये मुद्रांकाचा कायदा आला, मुद्रांकाचा कायदा वर्षभरात मागे घ्यावा लागला, पण १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली, १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये फौज उतरली, १७७० मध्ये या फौजेकडून जमावावर गोळीबार झाला आणि चहा सोडून बाकीच्या जकाती उठल्या, १७७३ मध्ये चहा समुद्रात गेला, १७७४ मध्ये शिक्षा म्हणून बॉस्टनचे बंदर बंद करण्यात आले, १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे चकमकी झडल्या, आणि मार्च १७७६ मध्ये इंग्रज फौज बॉस्टन सोडून गेली.

मैदानातून निघाल्यावर थांबण्याजोगी पहिली जागा म्हणजे १६६० मधील ग्रॅनरी दफनभूमी. इथल्या काळ्या-करड्या पाटीच्या दगडांवर पंख फुटलेल्या कवट्या कोरलेल्या आहेत आणि त्या जवळून पाहण्यासारख्या आहेत. दातांची रांग, डोळ्यांच्या खोबणी आणि पंखांची पिसे कारागिरांनी इतक्या निरनिराळ्या तऱ्हांनी काढली आहेत की दोन दगड सहसा सारखे दिसत नाहीत. सॅम्युएल अ‍ॅडम्स, जॉन हॅन्कॉक, पॉल रिव्हिअर आणि जेम्स ओटिस या लढ्यातल्या नावाजलेल्या माणसांच्या कबरी इथेच आहेत. गर्दी अर्थातच रिव्हिअरच्या कबरीपाशी असते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा दगड आहे तो १७७० च्या गोळीबारात मेलेल्या पाच जणांचा, कारण त्यावर ख्रिस्तोफर स्नायडर या मुलाचेही नाव कोरलेले आहे. गोळीबाराच्या काही दिवस आधी, आयात मालावरच्या बहिष्कारातून पेटलेल्या भांडणात जकात खात्याच्या एका माणसाने घरातून झाडलेल्या गोळीने हा मुलगा मरण पावला होता. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीचा राग मार्चमधल्या त्या रात्रीच्या मागे होता. मात्र एक लक्षात ठेवावे, की एकोणिसाव्या शतकात इथले बरेच दगड चालण्याच्या सोयीसाठी हलवून सरळ रांगांत लावले गेले, त्यामुळे दगडाखाली तोच माणूस असेल याची खात्री नाही.

यापुढची तीन ठिकाणे भरभर उरकावीत. किंग्ज चॅपल हे राजाच्या पंथाचे चर्च, पहिल्या सार्वजनिक शाळेची जागा आणि ओल्ड कॉर्नर बुकस्टोअर. या शेवटच्या इमारतीत एकेकाळी अमेरिकेतील नामवंत लेखकांचे प्रकाशक बसत. आता तिथे मेक्सिकन खाण्याच्या एका साखळीचे दुकान आहे आणि भूक लागली असल्यास या थांब्याचा तेवढा उपयोग आहे.

ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये मात्र तिकीट काढून आत जावे आणि निदान तासभर बसावे. १७२९ ची ही प्रार्थनेची वास्तू तेव्हा शहरातले सर्वांत मोठे सभागृह होती, आणि म्हणूनच १६ डिसेंबर १७७३ ची सभा इथे भरली. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या शहरात आणि आसपासच्या गावांतून मिळून सुमारे पाच हजार माणसे त्या दिवशी इथे आली होती. त्यांना राग कशाचा होता हे नीट समजून घेतले पाहिजे. चहा महाग झाला म्हणून ते चिडले, असा समज सर्रास असतो. वास्तविक १७७३ च्या चहा कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्तच होणार होता. कंपनीच्या गोदामांत न खपलेला चहा साचला होता, ती कर्जात बुडाली होती आणि तिला वाचवण्यासाठी पार्लमेंटने तिला आपल्या निवडक आडत्यांमार्फत वसाहतींत थेट माल विकण्याची मुभा दिली होती. पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सची जकात मात्र तशीच राहिली. स्वस्त चहा विकत घेतला तर ती जकातही मान्य केल्यासारखे होणार होते आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदाही बुडणार होता. तत्त्व आणि पोट असे दोन्ही इथे एकत्र आले.

सभेत खरी चुरस वेळेची होती. डार्टमाउथ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आले होते आणि वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खाते माल ताब्यात घेऊ शकत होते. म्हणजे मुदत १७ डिसेंबरला भरत होती. जहाज माल न उतरवता परत जाऊ द्यावे, अशी परवानगी मागायला जहाजाचा मालक फ्रान्सिस रॉच याला गव्हर्नर हचिन्सन यांच्या मिल्टनमधील घरी पाठवण्यात आले. हिवाळ्याचा दिवस, बाहेर अंधार पडलेला, आत माणसे तशीच बसून राहिलेली, आणि रॉच नकार घेऊन परतला. त्यानंतर मोहॉक आदिवासींचा वेश केलेले लोक ग्रिफिनच्या धक्क्याकडे गेले आणि डार्टमाउथ, एलिनॉर व बीव्हर या तीन जहाजांवरचे ३४२ पेटारे, म्हणजे ९२,००० पौंडांहून अधिक वजनाचा चहा, त्यांनी फोडून पाण्यात टाकला. सभागृहाच्या पांढऱ्या, जवळजवळ बिनसजावटीच्या भिंतींमध्ये आणि वरच्या सज्जांमध्ये बसून हा दिवस तासागणिक मनात उभा करता येतो. बाहेर उभ्या उभ्या चार वाक्ये ऐकून ते जमत नाही.

ओल्ड साउथच्याच प्रार्थना मंडळीची सदस्य असलेली फिलिस व्हीटली हिची ओळखही इथे करून दिली आहे, हे मला फार आवडले. पश्चिम आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणून १७६१ मध्ये बॉस्टनमध्ये विकलेली ही मुलगी कवयित्री झाली आणि चहा बुडाला त्याच वर्षी तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला. स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या शहरात गुलाम होते, ही गोष्ट इथे टाळलेली नाही. पुढे १७७५-७६ मध्ये वसाहतींच्या सैन्याने बॉस्टनला घातलेल्या वेढ्याच्या काळात इंग्रज फौजेने या वास्तूतली बाके उखडून जाळली आणि आत माती पसरून घोडदौडीचे मैदान केले. १८७० च्या दशकात इमारत पाडायची वेळ आली तेव्हा लोकांनी पैसे उभे करून ती वाचवली.

मराठी वाचकाला ओल्ड साउथमध्ये आणखी एक धागा सापडतो. चहा चीनचा असला तरी तो विकणारी कंपनी आपल्या पूर्ण ओळखीची आहे. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या वसाहतींत पोहोचल्या होत्या आणि या कंपनीने आशियात जे केले तेच ती आता अमेरिकेत करील, असा इशारा तिकडच्या पत्रकांतून दिला जात होता. राघोबादादांनी सुरतेला कंपनीच्या मुंबईकरांशी तह केला तो मार्च १७७५ मध्ये, आणि लेक्सिंग्टनची चकमक पुढच्याच महिन्यातली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि १७९२ मध्ये मराठे व निजाम यांना सोबत घेऊन श्रीरंगपट्टणला टिपूला तह करायला लावून गेला.

काही पावलांवर १७१३ चे ओल्ड स्टेट हाउस आहे. भोवतीच्या काचेच्या उंच इमारतींमध्ये ते इतके बुटके दिसते आणि त्याच्या पोटातून भुयारी रेल्वेत उतरण्याची वाट असल्यामुळे त्यात इतकी वर्दळ असते, की पहिल्या नजरेत त्याचे महत्त्व कळत नाही. वसाहतीचा गव्हर्नर, त्याचे मंडळ आणि लोकांनी निवडलेली सभा हे तिन्ही इथेच बसत. १७६१ मध्ये मंडळाच्या दालनात जेम्स ओटिस यांनी सरसकट झडतीच्या परवान्यांविरुद्ध जोरदार युक्तिवाद केला. हा परवाना हाती असला की जकात अधिकाऱ्याला कोणत्याही घरात, कोणतेही ठोस कारण न देता घुसता येत असे. ओटिस खटला हरले. पण तेव्हा तरुण वकील असलेले आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स तिथे बसून ऐकत होते आणि म्हातारपणी त्यांनी स्वातंत्र्याचा जन्म त्याच दालनात झाल्याचे पत्रात लिहून ठेवले. १७६६ मध्ये सभागृहात सामान्य लोकांना बसून कामकाज ऐकण्यासाठी सज्जा बांधण्यात आला. राजकारण बंद दाराआडून बाहेर काढण्यात या लाकडी सज्जाचा वाटा मला कोणत्याही तोफेपेक्षा मोठा वाटतो.

इमारतीच्या पूर्वेकडे जमिनीत बसवलेले दगडांचे वर्तुळ ५ मार्च १७७० च्या गोळीबाराची खूण आहे. भांडणाची सुरुवात क्षुल्लक होती: एका इंग्रज अधिकाऱ्याने केसांच्या टोपाचे पैसे दिले नाहीत, असे टोप करणाऱ्याकडचा एक उमेदवार पोरगा भर रस्त्यात बोलला आणि जकात कचेरीपुढच्या पहारेकऱ्याने त्याला फटका मारला. जमाव जमला, बर्फाचे गोळे आणि दांडकी फिरू लागली, कॅप्टन प्रेस्टन शिपाई घेऊन आला, आणि गोंधळात गोळ्या सुटल्या. आफ्रिकन आणि आदिवासी वंशाचा क्रिस्पस अ‍ॅटक्स आणि इतर दोघे जागीच मेले, आणखी दोघे पुढे दगावले. खरे शिकण्यासारखे आहे ते यानंतरचे. ब्रिटिश धोरणाचे विरोधक असूनही जॉन अ‍ॅडम्स यांनी शिपायांचे वकीलपत्र घेतले. पॅट्रिक कार या मरणाऱ्या माणसाने डॉक्टरपाशी शिपायांना दोष दिला नव्हता. ती साक्ष कोर्टापुढे आली. प्रेस्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा सुटले आणि दोघांना सदोष मनुष्यवधासाठी अंगठ्यावर डाग देऊन सोडण्यात आले. याच घटनेचे पॉल रिव्हिअरने छापलेले चित्र मात्र अगदी वेगळे सांगते: त्यात शिपाई शिस्तीत रांगेने उभे आहेत आणि अधिकारी तलवार उंचावून हुकूम देतो आहे. प्रचार आणि खटला या दोन्ही गोष्टी एकाच शहरात एकाच वर्षी घडल्या.

मी ही वाट एकदा एका खासगी सहल कंपनीबरोबर चाललो, तेव्हा तिकोनी टोपी आणि गुडघ्यापर्यंत मोजे घातलेल्या वाटाड्याने याच वर्तुळाभोवती आम्हाला उभे करून शिपायांनी निःशस्त्र लोकांना ठार मारल्याचे ठसक्यात सांगितले, खटल्याचा उल्लेखही केला नाही आणि लगेच फोटोसाठी वेळ दिला. ओल्ड साउथ त्याने पलीकडच्या पदपथावरून बोट करून दाखवले होते. विनोद चांगले होते, आवाज खणखणीत होता. पण तेवढ्या पैशांत दोन्ही सभागृहांची तिकिटे आली असती. वेशभूषेतला वाटाडा घ्यायचाच असेल, तर तो कोणकोणत्या इमारतींच्या आत नेतो, हे आधी विचारावे.

पूर्वेकडच्या सज्जातून १८ जुलै १७७६ रोजी बॉस्टनकरांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला आणि त्या दिवशी इमारतीवरचे राजचिन्हातले सिंह व एकशिंगी घोडा उतरवून जाळण्यात आले. आज छपरावर दिसतात त्या नंतर बसवलेल्या प्रतिकृती आहेत. १९७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ इथे येऊन गेल्या. अमेरिकन माणसाला या योगायोगाची गंमत अजूनही वाटते.

फॅन्युइल हॉलबद्दल थोडा सावध असावे. १७४२ मध्ये पीटर फॅन्युइल याने शहराला दिलेली ही इमारत स्वातंत्र्याचा पाळणा म्हणून मिरवते; देणगीदाराच्या संपत्तीत गुलामांच्या व्यापाराचा पैसा होता. शिवाय आज दिसणारा हॉल १८०६ मध्ये बराच वाढवलेला आहे, त्यामुळे चहाबद्दलच्या सभांना जागा कमी पडून लोकांना ओल्ड साउथला का जावे लागले, ते इथे उभे राहून उमगत नाही. छपरावरचा सोनेरी नाकतोडा वाऱ्याची दिशा दाखवतो, तो जरूर पाहावा. नव्या नागरिकांच्या शपथविधीचे समारंभ इथे होत आले आहेत.

नॉर्थ एंडमध्ये शिरल्यावर पॉल रिव्हिअरचे घर लागते. सुमारे १६८० चे हे लाकडी घर चांदीचे काम करणाऱ्या कारागिराच्या संसाराची कल्पना देते. खोल्या लहान आहेत आणि गर्दीच्या वेळी आत कोंडल्यासारखे होते. इंग्रज फौज निघाल्याचा इशारा द्यायला १८ एप्रिल १७७५ च्या रात्री त्याने केलेली घोडदौड एका लोकप्रिय कवितेमुळे एकट्याच्या पराक्रमाची गोष्ट होऊन बसली आहे. प्रत्यक्षात त्या रात्री अनेक स्वार निघाले होते, आणि रिव्हिअर स्वतः लेक्सिंग्टनच्या पुढे इंग्रज गस्तीच्या हाती सापडला; काँकर्डला निरोप पोहोचवला तो सॅम्युएल प्रेस्कॉट याने. जवळच्याच १७२३ च्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवून फौज पाण्यावाटे निघाल्याची खूण करण्यात आली. चर्चमधली चौकोनी बाके एखाद्या लहान खोलीसारखी आहेत: चारही बाजूंनी छातीपर्यंत लाकडी भिंत आणि आत जायला छोटे दार, म्हणजे थंडीत ऊब टिकावी. प्रत्येक कुटुंब आपले बाक विकत घेत असे, त्यामुळे कोण कुठे बसते यावरून शहरातली पत कळत असे. राजाशी निष्ठा राखणारी बरीच मंडळी याच चर्चला येत, हे कळल्यावर कंदिलांची गोष्ट अधिक रंगतदार होते.

इथून पूल ओलांडून चार्ल्सटाउनला जायचे की नाही, हे पायांना विचारून ठरवावे. कॉन्स्टिट्यूशन ही युद्धनौका देखणी आहे; पण तिचा पराक्रम ब्रिटनशी पुन्हा झालेल्या १८१२ च्या युद्धातला आहे. प्रौढांनी नौकेवर जाताना ओळखपत्र जवळ ठेवावे. बंकर हिलचे २२१ फुटी ग्रॅनाइटचे स्मारक ब्रीड्स हिल या शेजारच्या टेकडीवर आहे, कारण लढाई मुख्यतः तिथेच झाली. १७ जून १७७५ रोजी इंग्रजांनी तिसऱ्या हल्ल्यात टेकडी घेतली, पण त्यांचे हजाराहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. वसाहतींचे साडेचारशेच्या आसपास. वर जायला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी समोरच्या संग्रहालयात बसावे. लढाई वरच्या खिडकीपेक्षा तिथे अधिक चांगली समजते.

आता रेघेने काय गाळले ते. १४ ऑगस्ट १७६५ रोजी मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा ज्या झाडाला टांगून लोकांनी पहिला मोठा विरोध केला, ते स्वातंत्र्यवृक्षाचे ठिकाण मैदानापासून थोड्याच अंतरावर, वॉशिंग्टन आणि एसेक्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. झाड इंग्रजांनी आणि त्यांच्या समर्थकांनी १७७५ मध्ये तोडले. आज तिथे खूण आहे, पण लाल रेघ तिकडे वळत नाही. तसेच शेवटाचे. वसाहतींच्या सैन्यातील हेन्री नॉक्स याने टिकॉन्डेरोगाच्या किल्ल्यातून भर हिवाळ्यात बैल आणि घसरगाड्यांवरून ओढून आणलेल्या तोफा मार्च १७७६ च्या सुरुवातीला एका रात्रीत डॉर्चेस्टर हाइट्सच्या टेकड्यांवर चढवण्यात आल्या आणि बंदरातली इंग्रज जहाजे त्यांच्या टप्प्यात आली. १७ मार्चला फौज आणि तिच्याबरोबर हजारभर राजनिष्ठ बॉस्टनकर जहाजांतून निघून गेले. शहर ज्या टेकडीमुळे मोकळे झाले ती टेकडी सोळा ठिकाणांत नाही, तर हरलेल्या लढाईची टेकडी आहे, हा माझा या वाटेवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

पाचपैकी साडेतीन गुण द्यावेत असे मला वाटते. दोन्ही सभागृहांच्या आत गेल्यास चार. एकच दिवस हाताशी असेल तर सकाळी ग्रॅनरी, मग ओल्ड साउथ आणि ओल्ड स्टेट हाउस असे निवांत करावे, नॉर्थ एंडमध्ये जेवावे आणि ओल्ड नॉर्थ पाहून रेघ तिथेच सोडावी. चार्ल्सटाउनऐवजी दुपारी बसने किंवा टॅक्सीने साउथ बॉस्टनमधील डॉर्चेस्टर हाइट्सला जावे. लहान मुले बरोबर असतील तर त्याऐवजी काँग्रेस स्ट्रीटच्या पुलावरील चहाच्या जहाजांचे संग्रहालय गाठावे. तिथल्या प्रतिकृती जहाजावरून पेटारा पाण्यात फेकायला मिळतो आणि पेटारे दोरीला बांधलेले असल्यामुळे मुले तो पुन्हा पुन्हा फेकू शकतात.